तळाचं बूच

मी बस बोलतेय. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मागे, निळ्या रंगाची आणि पडदे लावलेली जी गाडी उभी दिसते ना, ती मी. जवळून गेलात तर मी तुम्हाला सुखी वाटेन. माझ्या आत पलंग आहे, ओटा आहे, देवाचा छोटा फोटोही आहे. पण खरं सांगते, मी भित्री आहे. जन्मापासून भित्री नव्हते. भीती मला पुढे लागली.

पहिली वर्षं मी पिवळी होते. कांदिवलीच्या एका शाळेची मुलं माझ्यात बसायची. दप्तरं आदळायची, सीटच्या पाठीवर कर्कटकाने नावं कोरायची. एका मुलीला रोज गाडी लागायची. ती पिवळी पडली की सगळी मुलं एकदम ओरडायची, "खिडक्या उघडा! खिडक्या उघडा!" मग धडाधड माझ्या काचा सरकायच्या, वारा आत घुसायचा आणि ती मुलगी पुन्हा हसायला लागायची.

पुढे शाळेने नवी बस घेतली आणि मी मरोळच्या एका कारखान्याकडे गेले. तिथल्या बायका सुटल्यावर दमून माझ्यात चढायच्या. बोलायचं त्राण कुणात नसायचं. पण बसल्याबरोबर प्रत्येकीचा हात आधी खिडकीकडे जायचा. काच सरकवायची, तोंडावर वारा घ्यायचा, मगच डोळे मिटायचे. त्यांच्या डोक्यांच्या तेलाचे डाग माझ्या काचांवर राहिले होते. माणसाला आत येऊन बसल्यावर पहिल्यांदा काय लागतं, ते मी तेव्हा शिकले.

मग माझं इंजिन खोकायला लागलं. रंग उडाला, तळ गंजला. एके दिवशी मला चेंबूरच्या बाजूला भंगारवाल्याच्या आवारात नेऊन उभं केलं.

भीती मला तिथे लागली. शेजारी माझ्यासारखीच एक लाल बस उभी होती. दोन माणसं आली. त्यांनी सिलेंडर आणले, नळ्या जोडल्या आणि एक निळी ज्योत पेटवली. ती ज्योत लाल बसच्या अंगावरून फिरली तशी तिची बाजू कागदासारखी गळून पडली. संध्याकाळपर्यंत तिथे नुसते पत्रे उरले. ज्योत पेटण्याआधी नळीतून जो 'सूं' असा बारीक आवाज यायचा, तो मी कधी विसरले नाही. माझी पाळी कधी येते, एवढीच वाट बघत मी उभी होते.

माझी पाळी यायच्या आधी सुयोग आला. वेसाव्याचा कोळ्याचा मुलगा, मासळीचा टेम्पो चालवायचा. टेम्पोसाठी जुना आरसा शोधत आला होता. मला बघून थांबला, दोनदा माझ्याभोवती फिरला आणि मोबाइलवर बायकोला म्हणाला, "रुचिरा, मी दाखवलेले ते व्हिडिओ आठवतात ना? बसचं घर केलेले? तशी एक मिळाली यार! आपल्या बाबांना सांग, हत्यारं काढा म्हणावं."

मला ओढत वेसाव्यात आणलं तेव्हा सुयोगची आई, वनमाला, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन समोरच उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ही कंची म्हातारी आनलीस रं? घरात एक म्हातारी हाय ती पुरं नाय?"

"आई, हिच्यातून तुला माहेरी नेणार. श्रीवर्धनपर्यंत झोपून जायचं. पुढे पाहुणे फिरवायचे, धंदा करायचा."

"आधी हिला गल्लीतून भायेर काढून दाव."

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त दशरथ, सुयोगचे वडील. ते माझ्या पत्र्यावर हात फिरवत होते.

दशरथ लाकडी होड्या बांधायचे. पण आता सगळ्यांना फायबरच्या होड्या हव्या असतात. कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कुणी काम घेऊन आलं नव्हतं. दिवसभर ते किनाऱ्यावर बसून बिड्या ओढायचे आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत. मी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंधा काढला. ओटा केला, कपाटं केली, पलंग केला. तोवर सुयोगने माझं इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि मला निळा रंग दिला. काम करता करता दशरथ गुणगुणायलाही लागले. वनमाला लांबून ऐकायची आणि निघून जायची. मी मनात म्हटलं, सुयोगने मला त्या निळ्या ज्योतीपासून वाचवलं, पण नवा जन्म या माणसाने दिलाय, तर मीही याला सांभाळीन.

पण एक गोष्ट चुकत होती, आणि मला तोंड नव्हतं.

दशरथनी मला होडीसारखी बांधली. गंजून पडलेली माझ्या तळाची भोकं त्यांनी पत्रा लावून बुजवली. प्रत्येक फटीत कापूस ठासला, वरून राळ ओतली. गिअरच्या दांड्याजवळची फट बुजवली, छपरावरची झडप बुजवली, खिडक्यांच्या काचा कायमच्या चिकटवून टाकल्या. दाराला खाली लाकडी उंबरा ठोकला आणि कडेने रबर लावलं. "होरीत पानी शिरलं म्हंजे मरन शिरलं," असं ते म्हणायचे. त्यांच्या बापाने त्यांना हेच शिकवलं होतं.

रुचिरा एकदा म्हणाली, "बाबा, एक तरी खिडकी उघडी राहू द्या की."

"पाऊस येल, बाय."

"मग जेवण करताना धूर कुठे जाईल?"

"दार हाय ना."

सुयोगने आत उभं राहून दार लावून बघितलं. "एकदम पॅक! एक थेंब आत येणार नाही. झकास!"

मला ती मुलं आठवत होती. खिडक्या उघडा, खिडक्या उघडा. पण ते माझ्याच आत घुमत राहिलं.

फक्त एक भोक दशरथनी ठेवलं. ओट्याच्या खाली, तळाला, खालच्या फळ्या धुतल्या की पाणी जावं म्हणून. त्याला होडीला असतं तसं लाकडाचं बूच केलं, दोरी बांधलेलं. त्यांच्या घरात बुचाची एक रीत होती. होडी किनाऱ्यावर असेल तर बूच काढून ठेवायचं आणि सगळ्यांना दिसेल असं नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, टांगायचं, म्हणजे पाण्यात लोटताना विसरायला नको. आणि नारळ फोडल्याशिवाय बूच परत मारायचं नाही. मला नाळ कुठली? म्हणून माझं बूच दाराजवळच्या बाहेरच्या आरशाला टांगलेलं असायचं.

मग ओट्याखाली लाल सिलेंडर आला. तो बघूनच माझ्या पत्र्यातून कळ गेली. सिलेंडरची आणि माझी ओळख जुनी होती.

श्रीवर्धनला निघायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सकाळी रुचिराने माझ्या नव्या शेगडीवर पहिला चहा केला. चहा झाल्यावर तिने शेगडीची खिटी बंद केली, सिलेंडरची मात्र चालूच राहिली. घरात सगळे असंच करतात. घर जागचं हलत नाही, त्यामुळे तिथे ते खपून जातं. पण त्यानंतर सुयोगने मला गल्लीतून एक चक्कर मारून आणली. खड्ड्यांत मी खूप थरथरले. परत येऊन उभी राहिले आणि माझ्या पोटातून तो आवाज ऐकू आला.

'सूं.'

तोच बारीक आवाज. शेगडीला जोडलेली नळी हादऱ्याने अर्धी निसटली होती.

सुयोग आणि रुचिरा नारळ, हार आणायला बाजारात गेले. वनमाला मासळी विकायला गेली होती. दशरथ एकटेच राहिले. उद्या निघायचं या आनंदात त्यांनी आरशाचं बूच काढलं आणि तळाच्या भोकात ठोकून बसवलं. घाई झाली होती त्यांना. माहेरी न्यायच्या सुकटीच्या आणि बोंबलांच्या पिशव्या आत होत्या, कावळे घिरट्या घालत होते, म्हणून त्यांनी दार लावून आतून कडी घातली. मग पलंग सोडून होडीत झोपतात तसे फळ्यांवरच आडवे झाले. उशाला बोंबलांची पिशवी घेतली.

मी घाबरून गेले. गॅस जड असतो, तो वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. आणि मला तर होडी केलेलं होतं! एकही भोक नाही, एकही फट नाही. पाणी बाहेर राहावं म्हणून जे जे बुजवलं, त्या सगळ्याने तो गॅस आत धरून ठेवला. हातोड्याच्या आवाजाने दशरथचे कान अर्धे गेले होते, 'सूं' त्यांना ऐकूच येत नव्हतं. नाकाशी सुके बोंबील होते. ते घोरत होते आणि तो गॅस हळूहळू फळ्यांवरून त्यांच्याकडे सरकत होता.

दशरथ उठले की काय करतात, ते मला माहीत होतं. कानावरची बिडी काढतात आणि काडी ओढतात.

हलता येईना, हॉर्न वाजवता येईना. ज्याने मला जगवलं तो माझ्याच पोटात जळणार, असं वाटत होतं. त्यापेक्षा चेंबूरला माझे तुकडे झाले असते तर बरं, असंही वाटून गेलं.

दशरथनी कूस बदलली. डोकं दाबत उठून बसले. हात कानाकडे गेला. बिडी ओठांत आली. खिशातून काड्यापेटी निघाली.

तेवढ्यात माझ्या दारावर धाडकन मूठ बसली.

"आवो! आरशाचं बूच कुटं गेलं?"

वनमाला आली होती. रिकामी पाटी खाली ठेवताना तिची नजर आरशाकडे गेली होती.

आतून दशरथ जड जिभेने म्हणाले, "मारलं मी. उद्या निघायचंय ना."

"नारळ फुटला? अजून नारळ बाजारात हाय नि तुमी बूच मारून बसलाव? म्हातारपनी रीत इसरलाव काय? माज्या माहेरच्या वाटंला अपशकुन करताव?"

"बिडी वढतो नि काढतो."

"बिडी मंग! आधी बूच काढा! नायतर मी येत नाय उद्या, जावा तुमी एकटं, ह्या तुमच्या म्हातारीला घेऊन!"

अशी मूठ, अशा शिव्या मी कधी खाल्ल्या नाहीत आणि इतक्या गोड कधी लागल्या नाहीत. दशरथ पुटपुटले, काड्यापेटी खिशात टाकली आणि उठायचा कंटाळा म्हणून रांगतच ओट्याकडे गेले. बुचाला हात घालायला अगदी खाली वाकले, नाक फळीला टेकलं. बोंबील आता मागे राहिले होते.

ते थिजले. ओठांतली बिडी खाली पडली.

नंतरचं सगळं भराभर झालं. त्यांनी सिलेंडरची खिटी फिरवली, बूच उपसून काढलं, धडपडत जाऊन कडी काढली आणि दार उघडून वनमालाच्या अंगावरच कोसळले. "लांब हो! गॅस हाय! कोनाला काय पेटवू देव नको!"

तिने त्यांना काखेत धरून वाळूत नेलं. समोरून सुयोग आणि रुचिरा येत होते. आत अंधार बघून सुयोग दिव्याचं बटण दाबायला माझ्या पायरीवर चढणार, तोच वनमालाने पाटी भिरकावली. ती त्याच्या पाठीत बसली. "थांब म्हनते ना, मुडद्या!"

त्या दुपारी कुणी जेवलं नाही. रुचिरा रडत सारखं म्हणत होती, "मी खिटी बंद केली नाही, आई." "बाबा, वाट लागली असती," एवढंच सुयोग पुन्हा पुन्हा म्हणत होता. वनमाला दशरथच्या तळपायांना तेल चोळत होती आणि दशरथ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं. आता हे मला परत पाठवणार.

माझ्यातला गॅसचा वास पूर्ण गेल्यावर दशरथ उठले.

"ड्रिल आन," ते सुयोगला म्हणाले.

ते माझ्या तळाशी बसले. ड्रिल टेकवलं आणि हात तसाच राहिला. सबंध आयुष्य भोकं बुजवण्यात गेलेला हात तो. तळाला भोक पाडायला तो तयारच होईना.

वनमाला म्हणाली, "मारा की. होरी नाय ती."

"ठाऊक हाय," दशरथ हळू म्हणाले. "पन खरं कळलं ते आज."

मग त्यांनी भोकं पाडली. ओट्याखाली, दाराशी, पलंगाखाली. सिलेंडर आतून काढून बाहेर, जाळीच्या पेटीत बसवला. छपरावरची झडप मोकळी केली. शेवटी पटाशी घेऊन माझ्या खिडक्यांची राळ खरवडली. पहिली काच सरकली तेव्हा समुद्राचा वारा एकदम आत आला आणि सगळे पडदे उडाले. मला दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण तसं दुखणं रोज यावं.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. वनमालाने बूच हातात घेतलं, क्षणभर विचार केला आणि आरशालाच परत टांगलं. "हे आता इतंच राहील," ती म्हणाली. तिला कुणी अपशकुनाचं विचारलं नाही.

श्रीवर्धनला आम्ही जाऊन आलो. आता कधी कधी पाहुणेही येतात, झोपून जातात. पण माझी भीती गेलेली नाही. कुणी शेगडी पेटवली की मी कान लावून बसते. कुणी दार लावलं की मी त्याचे श्वास ऐकते. वय झालंय, कधीतरी मला परत त्या आवारात जायचंच आहे. त्या निळ्या ज्योतीचं मला आता तितकंसं वाटत नाही. माझ्या आत झोपलेलं माणूस सकाळी उठेल ना, याचं वाटतं.

म्हणून हात जोडते. तुमच्या गल्लीत एखादी माझ्यासारखी जुनी गाडी असेल आणि तिचं घर करावंसं वाटलं, तर जरूर करा. तिला रंग द्या, पडदे लावा. पण तिच्या अंगावरची सगळीच भोकं बुजवू नका. आम्हाला ओरडता येत नाही हो.

दशरथ अजूनही फळ्यांवरच झोपतात. बिडी मात्र बाहेर वाळूत बसून ओढतात. वारा सुटला की आरशाला टांगलेलं ते बूच माझ्या पत्र्यावर टक टक वाजतं. ते वाजत असेपर्यंत मी निवांत असते.