मामाचा हिरवा बाण

भिंगरी त्या सकाळी नुसती हवेत होती. शाळेच्या बुद्धिबळ संघात कालच तिची निवड झाली होती, आणि आज तर बुद्धिबळ क्लबच्या सेक्रेटरीकाकांचंही तिच्यावाचून अडलं होतं! बाहेरच्या खोलीत ते आईसमोर अवघडून बसले होते.

"पालक कुरकुर करतायत गं," ते भिंगरीकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले. "मास्तर तोच धडा पुन्हा पुन्हा शिकवतात म्हणे. वर्ग त्यांच्याकडे ठेवायचा की नाही? तू त्यांची शिष्या, तूच सांग."

मास्तर म्हणजे भिंगरीचा मामा. सडाफटिंग माणूस. बहिणीच्या घरातली मागची खोली आणि क्लबमधला रविवारचा बुद्धिबळाचा वर्ग, एवढाच त्याचा संसार. वर्गाची किल्ली घरात बाहेरच्या खोलीतच, दाराजवळच्या खुंटीवर असायची. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"तोंडी कशाला? पुरावाच देते!" भिंगरी म्हणाली. "मामाचा परवाचा डाव कॉम्प्युटरवर टाकते. रंगीत आलेख येतो. तो पालकांच्या नाकासमोर धरा."

मागच्या खोलीत मामा खुर्ची ओढून तयारच होता.

"काय भिंगरे, तुझं ते यंत्र माझी परीक्षा घेणार होय? मिसरूड तरी फुटलंय का त्याला?"

"घाबरलास ना?"

"मी? हट्!"

तिनं डाव भरला. पडद्यावरच्या पटाशेजारी एक उभी पट्टी असते. पांढऱ्याची सरशी होत असली की ती पांढरी होत वर चढते. मामा पांढऱ्या सोंगट्यांनी खेळला होता. पट्टी चढू लागली. भिंगरीनं टाळीच वाजवली.

आणि पट्टी धपकन खाली आली. पटावर लाल बाण उमटला: काळ्याचं साधं प्यादं मामाचा वजीर खात होतं. आलेखाचा जणू कडाच तुटला होता.

"डुलकी लागली असेल तुला," ती म्हणाली. पुढच्या खेळीला पुन्हा लाल. त्यापुढेही लाल. पण हार मानेल तर ती भिंगरी कसली! मामाच्या डोक्यात काहीतरी खोल असणार, यंत्राला न कळणारं.

"इथं तुझ्या मनात काय होतं? बाण काढून दाखव ना."

माउसचं उजवं बटण दाबून ओढलं की हिरवा बाण निघतो, हे तिनंच त्याला शिकवलं होतं. मामानं ऐटीत बाण ओढला. घोड्यापासून निघाला तो सरळ तिरका, पार काळ्या राजापर्यंत.

भिंगरी खो खो हसली. "अरे, तो उंट नाहीये!"

"घोडाच आहे. दिसतंय मला," मामा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता.

हसता हसता ती थांबली. ती एवढीशी असताना याच मामानं तिला या खोलीतल्या फरश्यांवर अडीच-अडीच घरं उड्या मारायला लावून घोडा शिकवला होता.

बाण कसाही काढा, यंत्र हरकत घेत नाही. खेळीला मात्र घेतं. मामानं घोडा ओढला; तो टुणकन जागेवर परतला. पुन्हा ओढला. पुन्हा परत.

"बिघडलंय हे," तो म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "बिघडलंय ना गं, भिंगरे?"

"हो रे. थांब, नीट करते."

तिनं आलेख मिटला, पट्टी घालवली आणि पट मांडायचं पान उघडलं. तिथं नियम नसतात. कुठलीही सोंगटी कुठंही ठेवा. मामानं घोडा उचलून थेट काळ्या राजाशेजारी ठेवला. तो तिथंच राहिला.

"शह!" मामाचा चेहरा उजळला. "चाल आता!"

भिंगरीनं राजा एक घर सरकवला. समोरचा पट धूसर झाला होता. दारात सेक्रेटरीकाका कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून वळले.

"रविवारी पोरांना हाच डाव दाखवू," मामा म्हणाला.

"दाखवू."

बाहेर खुंटीवरून निघताना किल्ली खणखणली, आणि मग दार लागलं.