किलब्रेच्या गोलामागची माती

"बाबा, आज किलब्रेवाले जिंकले तर मैदान खणणार," धम्मदीपाने टीव्हीचा आवाज वाढवीत म्हटले. "सगळ्यात वरच्या लीगला गवत गोठू नये म्हणून पिचखाली हीटिंग लागतं. क्लबच्या सेक्रेटरींनी तसं कळवलंय आपल्याला."

"आणि जिंकले नाहीत तर?"

"आल्झो, म्हणजे मग राहील तसंच."

तेव्हा ते हरावेत, अशी इच्छा मी मनोमन धरली. हे लिहिताना लज्जा वाटते; परंतु माझ्या पुत्राची, सुगतची, रक्षा त्याच मैदानात समुद्राकडील गोलाच्या मागे आहे.

मी सातवी शिकलेला मनुष्य. स्टुटगार्टमधील एका कॅन्टीनमध्ये तीस वर्षे भांडी धुतली आणि दोन्ही मुलांना शिकविले. सुगत शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील किलब्रे या गावी गेला. तेथील फुटबॉल संघ त्या वेळी सर्वांत खालच्या, चौथ्या श्रेणीत होता. "बाबा, आमच्या मॅचला माणसांपेक्षा सीगल जास्त," असे तो हसत सांगे. येथे परतून नोकरीस लागल्यावरही शनिवारी चार वाजता तो त्याच संघासाठी रेडिओ लावी. 'एकदा तरी वर जातील' हे त्याचे ठरलेले वाक्य. अखेरच्या आजारात 'मला तिथं ठेवा' एवढेच त्याने मागितले. जर्मनीत रक्षा घरी देत नाहीत; कोठे ठेवणार त्या जागेचा कागद दाखवावा लागतो. किलब्रेच्या सेक्रेटरींनी तो कागद दोन दिवसांत धाडला होता.

त्यास सहा वर्षे झाली. त्या अवधीत संघ दोनदा वर चढला आणि दोन्ही वेळा माझे अंतःकरण दचकले. आज तिसरी वेळ.

"अहो, काय पुटपुटताय?" मटार सोलता सोलता माझ्या पत्नीने, मीराबाईने, विचारले.

"काही नाही."

"हरा म्हणताय. कळतं मला. तो असता ना, तर आज आपली केर्वोखेची पाळी आहे म्हणून टीव्हीसमोरून उठवून जिना झाडायला पिटाळलं असतं तुम्हाला."

"तुला चालेल का, खणलेलं?"

बराच वेळ एकच शेंग तिच्या हातात होती.

सामना संपण्यास दोन मिनिटे उरली असता किलब्रेने मारलेला चेंडू समुद्राकडील गोलात शिरला. शिट्टी झाली, आणि सर्व गाव मैदानात धावले.

"सुगत्या, गेले रे वर," मीराबाई हळू आवाजात म्हणाली.

लोक आठवण म्हणून गवत उपटून नेऊ लागले. एक वृद्ध गृहस्थ समुद्राकडील त्याच गोलाच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले. त्यांनी डोक्यावरील टोपी काढून तीत ओंजळभर माती घेतली आणि कोणाचा धक्का लागू नये अशा बेताने, टोपी दोन्ही हातांत धरून, ते गर्दीतून बाहेर निघाले.

मी उभा राहिलो. मांडीवरील मटार खाली ठेवून मीराबाईही उठली. ते गृहस्थ दिसेनासे होईपर्यंत आम्ही उभयतां बसलो नाही.