शेवटी सगळे घरी पोचतात

“कसा वाटला पिक्चर?” मोबाइल पुढे धरून मनीषाने विचारले.

“एक नंबर!” कॉलेजातला मुलगा केसांतून हात फिरवत म्हणाला. “गोळ्या घेतल्यावर त्यांना घाटातला रस्ता आकाशात जाताना दिसतो ना, तो सीन लय भारी!”

मागचे मित्र हसले. मनीषाने लाल बटण दाबून चित्रण थांबवले आणि पुढच्या माणसाकडे वळली.

नाशिकरोडच्या त्या जुन्या थिएटरात ती चौदा वर्षे तिकीट खिडकीवर होती. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायचे काम वेदिकाचे, पण ती आज रजेवर होती. चार महिन्यांपूर्वी आलेला मॅनेजर शेखर म्हणाला, “मॅडम, दहा-बारा जणांना विचारा फक्त. चांगलं-वाईट दोन्ही घ्या. वाद झाला की लोक बघायला येतात.”

नशेच्या गोळ्या खिशात घालून मोटारीने भटकायला निघालेल्या मित्रांचा पिक्चर होता तो. पावणेदोन वर्षांपूर्वी मनीषाचा मुलगा सार्थक तसाच निघाला होता. शेखरला हे कोणी सांगितलेले नव्हते. तिनेही सांगितले नाही. नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागले असते.

“फॅमिलीबरोबर येऊ नका,” एक बाई पदर सावरत म्हणाली. तिचा नवरा म्हणाला, “पण गाणी चांगली आहेत हं.” एका मुलीला कॅमेरावर्क आवडले होते, उत्तरार्ध ताणलेला वाटला होता. निवृत्त मास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ जवळ येऊन मोठ्याने बोलले, “नशा करायची, गाडी पळवायची, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या? पोरांना काय शिकवता तुम्ही?” जणू पिक्चर मनीषानेच काढला होता. देवळाली कॅम्पातला एक जवान म्हणाला, “मी झोपलो होतो, ताई. एसी मस्त आहे तुमचा.”

ती सगळ्यांना “थँक्यू” म्हणत होती.

सार्थकची मोटार त्र्यंबक रस्त्यावर झाडावर आदळली. गाडीत तिघे मित्र होते. सार्थक आणि सायली गेले, राज वाचला. गाडी सार्थक चालवत होता, असा जबाब राजने दिला. तिघांच्याही रक्तात नशेचा अंश सापडला. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात सायलीची आई चतुराबाई सगळ्यांदेखत ओरडली होती, “तुझ्या पोरानं माझी पोर मारली!” मनीषाने मान खाली घातली. सायलीच्या दहाव्याला ती गेली नाही. तेव्हापासून तिला फारसे काही जाणवत नसे. भूक लागली की जेवायची, वेळ झाली की कामावर यायची.

सर्वांत शेवटी एक मुलगा भिंत धरून पायऱ्या उतरला. डावा पाय ओढत होता. मनीषाने मोबाइल पुढे केला. “कसा वाटला पिक्चर?” विचारून झाल्यावर तिला चेहरा दिसला.

राज होता.

“तिसऱ्यांदा बघितला, काकू,” तो म्हणाला.

“एवढा आवडला?”

“नाही. त्यात शेवटी सगळे घरी पोचतात.” त्याने तिच्या हातातल्या मोबाइलकडे बघितले. “गाडी मी चालवत होतो.”

मोबाइलवर सेकंद सरकत होते.

“कॅमेरा चालू आहे, राज.”

“माहितीये.”

“आणि सार्थक?”

“शेजारी होता. झोपलेला. हॉस्पिटलात पप्पा म्हणाले, तो तर गेलाच, त्याला आता काय होणार? सांग त्याचं नाव.”

आता आपला हात उठेल, असे मनीषाला वाटले. काहीच झाले नाही. तिने लाल बटण दाबले.

शेखर आला. “झाले का, मॅडम? पाठवा मला.”

“अकरा झाले.”

“इथं तर बारा दिसतायत,” तो मोबाइलमध्ये डोकावत म्हणाला.

“शेवटचा पिक्चरबद्दल नाही,” ती म्हणाली आणि अकराच पाठवले. मग राजकडे वळली. “सहाला सुटते मी. थांबशील?”

तो थांबला. पुढच्या खेळाची तिकिटे फाडताना ती मधूनच बाहेर बघायची, तर तो बाकावर पाय लांब करून बसलेला असायचा.

दोन बस बदलून दोघे मखमलाबादला, सायलीच्या गावी, उतरले. वाटेत दोघांचे उद्याचे तेवढे ठरले. चतुराबाई ओट्यावर शेवंती निवडत होती. मनीषाला पाहून ती उभी राहिली.

“का आली?”

“राजला बोलायचंय तुमच्याशी.”

मनीषाने मोबाइल पिशवीतून काढलाच नाही. राज अंगणात उभा राहून सगळे बोलला. मध्ये दोनदा अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पप्पांचे वाक्यही त्याने गाळले नाही.

“कुठं बसली होती ती?” चतुराबाईने विचारले.

“मागं. खिडकीशी.”

“काच उघडी होती?”

“हो. पूर्ण खाली.”

“वारं लय आवडायचं तिला,” ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले नाहीत, नुसतेच मिटून उघडले. “पोलिसांना सांगशील का हे?”

“उद्या जातोय. काकू येणारेत बरोबर.”

चतुराबाई मनीषाकडे बघत राहिली. मनीषानेही या वेळी मान खाली घातली नाही. मग चतुराबाईने वाकून ओट्यावरची शेवंतीची पाटी उचलली आणि बाजूला सरकवली. तेवढ्या जागेत मनीषा बसली.