खलल्यावर विझणारं तांबं

आमच्या उमाशंकर सरांना दोन गोष्टी खपत नाहीत. एक, न खललेलं सॅम्पल. दुसरी, माझं 'न्हाय'.

मी शिवलीला, मुरुम गावची. धाराशिवला सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. तांबं आणि आयोडीनच्या भोवती सेंद्रिय रेणू जोडून मी एक संयुग बनवलं. बीकरच्या तोंडाला कागद बांधला, टाचणीनं भोकं पाडली, सावकाश सुकू दिलं, तेव्हा कुठं स्फटिक धरले. यूव्ही दिव्याखाली नेले तर झेंडूसारखे केशरी उजळले! खोलीत मी एकटीच होते, तरी मोठ्यानं ओरडले.

सर म्हणाले, "खलून मशीनला लाव." आमच्या लॅबमध्ये काहीही खलल्याशिवाय मशीनपुढं जात नाही, तसा सरांचा दंडकच आहे. मी खललं. भुकटी झाली आणि उजेड मेला.

"भेसळ चमकत होती ती. टाकून दे. प्रबंधात तुझं आधीचं जस्ताचं संयुगच घाल."

"न्हाय सर, भेसळ असती तर खलल्यावर गेली कुठं?"

"आधी 'नाही' म्हणायला शीक."

डोकंच फिरलं माझं. त्याच भुकटीवर मी द्रावकाचा थेंब सोडला, तर उजेड परत आला. धावत सांगायला गेले. सरांनी मान वर केली नाही. "प्रबंध तपासायला समिती येईल, तिच्यापुढं हा विषय काढायचा नाही," एवढंच बोलले. समितीनं जस्त पक्कं केलं की माझं तांबं कायमचं कपाटात जाणार होतं.

समिती आली. बाहेरून नीरजा मॅडम आल्या होत्या. जस्ताचं सगळं गुमान सांगून झालं, मग मी उठून पडदे ओढले. सर खाकरले. मी तिकडं बघितलंच नाही. दिव्याखाली खलात स्फटिक ठेवले. केशरी. बत्ता फिरवला. काळोख. थेंब सोडला, आणि कडेकडेनं केशरी परत चढू लागलं.

"रेणू पंगतीसारखे ओळीनं बसलेत तोवर उजेड आहे," मी म्हणाले. "खललं की पंगत उधळते. थेंब पडला की पुन्हा आपापल्या पाटावर बसतात."

मॅडम खुर्ची सोडून जवळ आल्या. "फार छान! हे लक्षात कसं आलं?"

"मीच मागं लागलो होतो हिच्या," सर हसत म्हणाले, "रचनेकडं बघ, रचनेकडं बघ म्हणून."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. प्रबंधावर सही सरांचीच लागते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझ्या तांब्याला भेसळ म्हणणारा माणूस आता त्याचा बाप व्हायला निघाला होता.

"न्हाय मॅडम," मी म्हणाले. "सरांनी टाकून द्यायला सांगितलं होतं. म्या टाकलं न्हाय."

या खेपेला माझं 'न्हाय' कुणी दुरुस्त केलं नाही.