मला जरा खाली घ्या

मित्रांनो, माझ्या पोटात सतत एक घरघर चालू असते. दुरुस्तीवाला म्हणतो, "वायर ढिली झाली असेल." त्यानं वायर दोनदा बदलली, तरी घरघर आहेच. तिचं कारण निराळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी वस्तीच्या सभागृहातला म्हातारा माइक. लोखंडी स्टँडवर उभा असतो. हल्ली पूर्वीपेक्षा बराच खाली.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथं ओळीनं बसलेल्या कामगार बायकांपैकी एकीनं केसाहून बारीक तारेचं वेटोळं केलं, पातळ पडद्याला चिकटवलं, मागे चुंबक बसवलं आणि डोक्यावर जाळीची टोपी चढवली. मग मला तोंडाजवळ धरून ती हळूच म्हणाली, "काय रे, येतंय का ऐकू?" माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. बाईचा आवाज इतक्या जवळून पुन्हा ऐकायला मला किती वर्षं थांबावं लागणार आहे, हे तेव्हा कसं कळणार!

सभागृहात मी आलो तेव्हा तिथले अध्यक्ष ताडमाड उंच होते. त्यांनी स्टँड आपल्या तोंडापर्यंत चढवला आणि पेच असा काही आवळला की बस्स! छप्पर गळायचं, पेच गंजला, जाम झाला. मी स्टँडच्या चिमट्यातून निसटायला लागलो तेव्हा कोणीतरी काळी चिकटपट्टी गरागरा गुंडाळून मला कायमचं जखडून टाकलं. अध्यक्ष गेले, उंची राहिली. पुढे चिटणीस आले, ते चांगलेच बुटके. त्यांनी स्वतःसाठी एक लाकडी खोका करून घेतला. बोलायची वेळ आली की खोका आणायचा, वर चढायचं, बोलून झालं की खोका काखेत मारून न्यायचा. पोरं मागून कुजबुजायची, "चिटणीस वाढले! चिटणीस घटले!"

बायकांना मात्र खोका कधी कोणी दिला नाही. "कशाला चढता-उतरता, वहिनी? तुमचं काय ते मला सांगा, मी तुमच्या वतीनं बोलतो," असं चिटणीस म्हणायचे. हळूहळू तो रिवाजच पडला. पाण्याची तक्रार असो की आभार मानायचे असोत, बाई मंचाच्या पायरीपाशी उभी राहून सांगणार आणि पुरुष वरून बोलणार. कोणाला त्यात वावगं वाटेना. बायकांनाही नाही.

माझ्या सुखाचे दिवस म्हणजे आप्पांच्या निरूपणाचे. आप्पा गाऊन निरूपण करतात. उंच देह, खर्जातला गोड आवाज. एक ओळ घ्यायची, ती घोळवायची, मध्येच थांबून लोकांना हसवायचं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आणायचं. देवाचं नाव त्यांच्या तोंडून माझ्या पडद्यावर उतरलं की माझी गंजकी जाळीसुद्धा शहारायची. लोक म्हणायचे, "आवाज काय लागलाय!" त्यातली थोडी स्तुती मीही गुपचूप घ्यायचो. बाकीचे दिवस धूळ खायची आणि पुढच्या आवाजाची वाट बघायची.

आणि मग ती सभा आली, मित्रांनो. तिथूनच ही घरघर सुरू झाली.

वस्तीजवळ शिलाईचा कारखाना आहे. तिथं काज करण्याच्या मशीनवर एक तरुण बाई काम करते. सगळे तिला ताईच म्हणतात. एका दुपारी तिथल्या सुपरवायझरनं तिला दोऱ्याचे रीळ न्यायला कोठीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. बायकांनी मशीन थांबवून दार ठोठावलं, तेव्हा ती सुटली. तशीच चालत पोलीस चौकीत गेली आणि तक्रार लिहवून आली.

हा सुपरवायझर चिटणीसांच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या मोबाइलमध्ये ढीगभर अश्लील चित्रफिती सापडल्या. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात त्या भरून मिळायच्या. झालं! वस्तीला गुन्हेगार सापडला, तो म्हणजे दुकान. "पोरगं वाईट नव्हतं हो, त्या चित्रांनी डोकं फिरवलं त्याचं," असं जो तो म्हणू लागला. सभा ठरली.

आरंभी आप्पा गायले. त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की रोग सापडला. त्यांनी नवी ओळ बांधली होती:

डोळ्यांनी जे आत घेतले, हातांनी ते बाहेर आले.

सभागृह डोलू लागलं. मीही डोललो असतो, पण पायरीपाशी डॉक्टरीणबाई उठल्या. त्या दवाखान्यातून ताईला तपासून आल्या होत्या. त्या खालूनच बोलल्या, म्हणून मागच्यांना ऐकू गेलं नाही. मला मात्र गेलं.

"आप्पा, ओळ गोड आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. यावर शिकलेल्या माणसांचंही एकमत नाही. काही देशांत ही चित्रं घरोघरी पोचली, तरी असले गुन्हे वाढले नाहीत, काही ठिकाणी तर नोंदी कमीच झाल्या. उलट काही अभ्यासांत असं दिसलं की ज्याच्या मनात आधीच राग आणि मस्ती आहे, त्याला मारझोडीची चित्रं आणखी चेव आणतात. त्यातून कितीतरी बायका तक्रारच करत नाहीत. त्यांची मोजदाद कुठल्या आकड्यात करायची?"

"म्हणजे बघायला परवानगी का, बाई?" पुढच्या रांगेतून एक टोमणा आला. लोक हसले.

"मी असं कुठं म्हटलं? मुलांच्या हाती ते पडूच नये. पण दुकानाला कुलूप लावलं की आपण सुटलो, असंही समजू नका."

तोवर खोका आला होता. चिटणीस चढले, घसा खाकरला.

इथं एक गोष्ट नीट ऐका. सभा सुरू होण्याआधी, मी चालू आहे की नाही हे चिटणीस बघत असताना, ताई पायरीपाशी येऊन त्यांना सांगून गेली होती, "भाऊ, माझ्या वतीनं एवढंच बोला. मी तक्रार मागं घेणार नाही." मी हातभर अंतरावर होतो. शब्द न् शब्द ऐकला होता.

आणि आता चिटणीस माझ्यात म्हणाले, "ताईंचं म्हणणं असं, की घडलं ते घडलं. दोष त्या घाणेरड्या चित्रांचा. दुकान बंद करावं, आणि पोराचं आयुष्य मातीत जाऊ नये म्हणून त्या मोठ्या मनानं तक्रार मागं घेत आहेत. टाळ्या!"

माझा पडदा थरथरला. खोटं वाहून न्यायचं नाही असं मला कितीही वाटलं, तरी मी तारेचा आणि चुंबकाचा. जे येईल ते कर्ण्यातून बाहेर. टाळ्या सुरू झाल्या.

"मी असं म्हटलंच नाही!"

टाळ्या तुटल्या. ताई उभी होती. "भाऊ, माझ्या तोंडात हे कोणी घातलं?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..." चिटणीस खोक्यावरून म्हणाले.

"मग मला बोलू द्या."

"स्टँड उंच आहे गं ताई, तुला कसं जमणार?"

चार लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ते उठले, पेचाला हात घातला. पेच हलेना. दोन्ही हातांनी पिळला, हलेना. तेव्हा त्यांनी नखांनी ती जुनी काळी चिकटपट्टी ओरबाडायला सुरुवात केली. थरावर थर. नख उचकटलं, रक्त आलं. मी एवढ्या जोरानं कुंईऽऽ केलं की पुढच्या रांगेनं कान झाकले. आप्पांनी मला चिमट्यातून उपसलं आणि खाली वाकून तिच्या हातात दिलं. "बोल, लेकी."

तिचा श्वास माझ्या जाळीवर आला. टेबलावरच्या त्या पहिल्या आवाजानंतर पहिल्यांदाच, इतक्या जवळून.

"त्या दुकानात माझा भाऊही जातो. इथं बसलेल्यांतले पुष्कळ जण जातात, खाली बघू नका. सगळ्यांनी मला धरलं का? दार त्यानं लावलं. हात त्यानं धरला. मी नको म्हटलं, तर हसला. म्हणाला, 'बायका असंच म्हणतात, त्याचा अर्थ तसा नसतो.' हे तो कुठं शिकला, मला माहीत नाही. त्या चित्रांत शिकला असेल. आप्पा, तुमची ओळ खोटी नसेलही. पण आत्ता इथं काय झालं? मी एक बोलले आणि माझ्या वतीनं भलतंच सांगितलं गेलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बाईच्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्यानंच लावायचा, हे त्याला शिकायला मोबाइल कशाला हवा होता? तक्रार मी मागं घेणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. चिटणीस खोक्यावरून उतरले, आणि खोका तिथंच विसरून गेले.

पुढच्या निरूपणात आप्पांनी तीच ओळ घेतली आणि तिला जोड दिली:

डोळ्यांनी जे आत घेतले, हातांनी ते बाहेर आले,
मध्ये मालक कोण बसला, त्याला कोणी विचारले?

गाताना त्यांचा आवाज फाटला. मला तो आजवरचा सगळ्यात सुरेल वाटला.

दुकानवाल्यानं चित्रफिती भरणं बंद केलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. चित्रांनी किती बिघडतं आणि माणूस आधीच किती बिघडलेला असतो, हे मला अजून उमगलेलं नाही. दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्यातून गेलं आहे, आणि रिकाम्या सभागृहात ते माझ्या पोटात घुमत राहतं. हीच ती घरघर.

पेचात मात्र तेल पडलं. आता स्टँड वर-खाली होतो, आणि बायका बोलून गेल्यावर उंच माणसांना कधीकधी वाकावं लागतं. त्यांची कंबर दुखते म्हणे. दुखू दे.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, वायर ओढू नका, हे मी मागेनच, म्हातारा आहे ना. पण खरं मागणं निराळं आहे. उद्या ताईची साक्ष आहे. कोर्टातला माइक माझ्या ओळखीचा नाही. तो किती उंच असेल? त्याचा पेच जाम तर नसेल? तिच्याऐवजी कोणी भलताच त्याच्यासमोर उभा तर राहणार नाही? सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्यापैकी कोणाचे आईवडील, काका, मावशी तिथं कामाला असतील, तर त्यांना माझा निरोप सांगा. ती यायच्या आधी जाऊन तो जरा खाली घेऊन ठेवा. बाकीचं ती बोलेल.