कोरडं तिकीट

आमच्या घरात देवाचं मारवाडीत चालतं आणि भांडण मराठीत. म्हणून त्या दुपारी मी जेव्हा मोठ्याने "मला हे चालणार नाही" म्हणाले, तेव्हा सासूबाईंच्या हातातली माळ थांबली आणि नवऱ्याने मोबाईलमधून मान वर काढली.

नवरा, म्हणजे बंटी, पुण्याकडच्या एका मोठ्या वॉटर पार्कची तिकिटं काढत बसला होता. उन्हाळ्यात एक दिवस दुकान बंद ठेवून सगळ्यांनी पाण्यात खेळायला जायचं, ही आमची दरवर्षीची सहल. तो बोटाने मोजत म्हणाला, "संयम, टीना आणि मी, तीन ओली. बाबूजी, बाई आणि डिंपल, तीन कोरडी."

बाई म्हणजे सासूबाई, आणि डिंपल म्हणजे मी. आणि कोरडं तिकीट म्हणजे पाण्यात न उतरणाऱ्याचं तिकीट. ते थोडं स्वस्त असतं. त्यात एक प्लास्टिकची खुर्ची मिळते आणि दुसऱ्यांची मजा बघायला मिळते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पोरगा कॉलेजात जायला लागला, इकडचे-तिकडचे सगळे वॉटर पार्क बघून झाले. पण माझ्या पायाचं बोटसुद्धा कधी ओलं झालेलं नाही. मला कोरडं चालेल का, असं कुणी विचारलंही नव्हतं.

याला कारण आमचं दुकान. मंचरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, लग्नाच्या बस्त्यासाठी लांबलांबून लोक येतात. माझे सासरे सुवालालजी, त्यांना आम्ही बाबूजी म्हणतो, त्यांचे दोन नियम. गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही, आणि गल्ला कधी रिकामा सोडायचा नाही. पहिल्या नियमामुळे बाजाराला आलेल्या बायका त्यांच्या गादीपाशी पिशव्या ठेवून जातात. "शेठ, एवढी राहू द्या, बाजार करून येते." बाबूजी ती पिशवी पायाशी ओढून घेतात आणि बाई परत येईपर्यंत जागचे हलत नाहीत. सुवालालशेठकडे ठेवलेली पिशवी म्हणजे बँकेत ठेवलेली, असं लोक म्हणतात. त्यांना त्याचा केवढा मान आहे!

दुसरा नियम मात्र आमच्याबरोबर सहलीला येतो. जिथे आमच्या पिशव्या, तिथे गल्ला. तिथे कुणीतरी बसलंच पाहिजे. आणि या 'कुणीतरी'चं नाव डिंपल. सगळ्यांचे मोबाईल, बंटीचं पाकीट, संयमचं घड्याळ, टीनाच्या क्लिपा, डब्यांची पिशवी, टॉवेल, सगळं माझ्या मांडीवर येतं. "पाचच मिनिटं हं!" असं ओरडून मंडळी पळतात. त्यांची पाच मिनिटं म्हणजे माझ्या खुर्चीवरची सावली सरकून ऊन डोक्यावर येईपर्यंत. आणि या कामाला मान कसला? परत आल्यावर "टॉवेल कुठाय?" एवढंच.

तर मी म्हणाले, "मलाही भिजायचंय."

"अगं, पण तुला कुठे पोहता येतं?" बंटी म्हणाला.

"तुम्हाला येतं? गेल्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात कोणाच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं?"

टीना फिसकन हसली. बंटीने आवाज खाली आणला. "तिथे नायलॉनचा ड्रेस घालावा लागतो. बाबूजींसमोर घालशील?"

"जिथे तसला ड्रेस लागत नाही, अशी जागा मी शोधते. आलात तर या. नाहीतर तुमचा वॉटर पार्क तुम्हाला लखलाभ! फक्त मग डबा मी करणार नाही."

इथे मात्र बाबूजींनी पेपर खाली ठेवला. आम्ही जैन, कांदा-बटाटा खात नाही, आणि सगळ्या वॉटर पार्कच्या कँटीनमध्ये वडापाव आणि पावभाजीशिवाय दुसरं काही नसतं. माझ्या डब्याशिवाय ही माणसं दिवसभर बिस्किटं चघळत बसली असती. बंटीने तिकिटांचं पान बंद केलं. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

मग मी फोन लावत सुटले. एकाने सांगितलं, "लेडीजसाठी एसी हॉल आहे मॅडम, बसायची उत्तम सोय." दुसरा म्हणाला, "बसायला झोपाळे आहेत." जो तो मला बसवायलाच निघालेला! शेवटी ओझरच्या रस्त्यावरचा एक नंबर मिळाला. चिमाजी नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्या रानात नवीनच स्प्लॅश पॅड केलं होतं, 'थुईथुई' नावाचं. खोल पाणी नाही, तलाव नाही; सपाट फरशी आणि तिच्यातून उडणारी कारंजी. तोवर मी वैतागले होते. म्हटलं, "तुमच्याकडे बसायची सोय कशी आहे?"

"बसायचं कशाला ताई?" चिमाजी म्हणाला. "बसायला घर हाय की! पाण्यात या."

"आणि ड्रेस?"

"अंगावं आसंल त्यो."

"तिकीट ओलं की कोरडं?"

"कोरडं म्हंजी?" त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही. माझी जागा ठरली.

पोरांनी तोंडं वाकडी केली. "मम्मी, स्प्लॅश पॅड बाळांसाठी असतं," टीना म्हणाली. संयमला त्याचे मित्र हसणार होते. मी म्हटलं, हसू देत, हसून कुणी मेलेलं नाही. पहाटे उठून पुऱ्या, गट्ट्याची भाजी, खाकरे असा डबा भरला आणि आम्ही निघालो. मंचरच्या गर्दीतून गाडी बाहेर पडायलाच वेळ लागला. ओझरला गाडीतूनच विघ्नहराला हात जोडले. मी काय मागितलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

थुईथुई छान होतं. निळी फरशी, तिच्यातल्या भोकांतून उसळणारं पाणी, मधोमध उंच खांबावर एक भली मोठी बादली. ती हळूहळू भरायची आणि भरली की धाडकन उलटायची. खाली पोरं किंचाळायची. चारी बाजूंनी पत्र्याखाली सिमेंटचा कट्टा होता, आणि कट्ट्यावर ओळीने बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पिशव्या.

आणि मीही जाऊन बसले.

मला कोणी बस म्हणालं नव्हतं. दावणीची गाय जशी आपल्याआपण खुंट्यापाशी जाऊन उभी राहते, तशी मी गेले आणि बसले. एवढं भांडले, एवढे फोन केले, आणि पाय नेहमीच्या जागी! लगेच संयमचा मोबाईल मांडीवर आला. मग टीनाचा. मग बंटीचा, पाकिटासकट. मग घड्याळ, क्लिपा, टॉवेल. "पाचच मिनिटं, मम्मी!" तिघंही पळाले. बाळांचं म्हणणारी टीना सगळ्यांत पुढे.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. त्यांचा आलाच, पण स्वतःचा जास्त आला.

शेजारी सासूबाई आपलं आसन पसरत होत्या. त्या सामायिक घेणार होत्या. सामायिक म्हणजे दोन घडी संसारातून मन काढून एका जागी बसायचं. त्या वेळात कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही, कसली राखण करायची नाही. म्हणजे त्यांच्याकडे काही देता येणार नव्हतं. पलीकडे बाबूजी पेपर उघडून बसले होते, आणि त्यांच्याकडे काही द्यायचं हे तर कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी उठले. ओढणी कमरेला गच्च बांधली. एक पिशवी या खांद्याला, दुसरी त्या खांद्याला अडकवली. मोबाईलची कापडी पिशवी गळ्यात घातली, डबा हातात घेतला, चपला काढल्या आणि सरळ फरशीवर गेले.

पहिलं कारंजं तळपायाला लागलं. पाणी इतकं गार होतं की मला हसूच फुटलं. दुसरं पोटरीला लागलं. मी चालत राहिले, थेट त्या बादलीच्या खाली जाऊन उभी राहिले.

"डिंपल!" बंटी ओरडला. "मोबाईल! अगं मोबाईल!"

"मम्मी, माझा फोन!" संयम लांबून धावत सुटला. अठरा वर्षांत माझ्याकडे इतक्या वेगाने कुणी आलं नव्हतं.

मी वर बघितलं. "बादली भरत आलीय. घ्या आपापलं."

तिघांनी माझ्या अंगावरून पिशव्या ओरबाडल्या. बंटी दातओठ खात म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. मीही तिकीट काढलंय, ओलं."

"आता हे ठेवायचं कुठे?"

"मला काय विचारता? माझ्या आईने मला पिशव्यांसकट नाही दिली तुमच्याकडे."

तो पोरांना घेऊन कसाबसा बाजूला पळाला, आणि बादली उलटली. सगळीच्या सगळी माझ्या डोक्यावर. क्षणभर काही दिसेना, काही ऐकू येईना. माहेरी ओतूरला शेजारच्या मळ्यात मोटार चालू झाली की मी त्या जाड धारेखाली जाऊन बसायची आणि आई काठी घेऊन बोलवायला यायची. ती डिंपल मला आठवली. मी तिथे उभी राहून मोठ्याने रडले. पाण्यात कुणाला कळतंय? आणि कळलं असतं तरी मला पर्वा नव्हती.

कट्टा काही फार लांब नव्हता. बंटीने सगळं सामान बाबूजींपुढे नेऊन ठेवलं होतं. बाबूजी घाईघाईने म्हणाले, "मी आज सामायिक घेतो म्हणतो." पर्युषणाशिवाय कधी सामायिक न घेणारा हा माणूस!

"आसन एकच आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याच्यावर मी बसलेय." मग त्यांनी हातातली मुहपत्ती, म्हणजे तोंडावर बांधायची पट्टी, जरा बाजूला धरली. "एकदा सामायिक घेतली की मला हे बोलता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. तरुणपणी मी सहलीला दरवेळी सामायिक का घ्यायचे, माहितेय? पिशव्या नकोत म्हणून. मिच्छामि दुक्कडम्, चुकलंच माझं. ही पोरगी देवाच्या आड लपली नाही. गल्ला तुमचा आहे, तुम्ही बसा."

मुहपत्ती बांधून त्यांनी डोळे मिटले. माझी सासू मला कधी इतकी आवडली नव्हती.

बाबूजी बसले. पेपर घडी घालून ठेवला आणि पिशव्यांकडे असं बघू लागले, की जणू कुणी दुसऱ्याचं लेकरू त्यांच्या मांडीवर टाकून गेलंय. तेवढ्यात कट्ट्याच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"अवो शेठ! तुमी हितं?"

ठमाबाई. ओतूरकडच्या. गेल्या लगीनसराईत धाकट्या पोराचा बस्ता त्यांनी आमच्याकडेच बांधला होता. सगळी नातवंडं पाण्यात, आणि नवीन सून आरती आणि त्या स्वतः दोघी पिशव्या कवटाळून बसलेल्या. ठमाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबूजींकडे.

"मंग लई ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "ही पिशवी राहू द्या तुमच्यापाशी. आरते, ऊठ. शेठ हायेत."

बाबूजींनी तोंड उघडलं. त्यांना 'नाही' म्हणायचं होतं, मला स्वच्छ दिसत होतं. पण समोर गिऱ्हाईक होतं. जन्मभर जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आज कुठून निघणार?

"ठेवा," ते म्हणाले.

"शेठ, माझी बी ठेवते," तिसरी बाई उठली. मग चौथी. एकीने तर पिशवी ठेवून वर सांगितलं, "आत मंगळसूत्र हाय, नीट बघा." हा हा म्हणता कट्टा रिकामा झाला आणि बाबूजींच्या भोवती बाजाराच्या दिवसासारखा ढीग लागला. ते सवयीने एकेक पिशवी पायाशी ओढून घेत होते.

ठमाबाई पदर खोचून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कारंजं उसळलं तशा मोठ्याने ओरडल्या, "लई गार हाय गं बया!" आरतीने माझा हात पकडला. तिची माझी ओळखही नव्हती. आम्ही सगळ्या जणी फरशीभर नुसत्या नाचत होतो. बंटी कडेला उभा होता, अर्धा ओला. मग तोही हळूच आत आला आणि मला म्हणाला, "सॉरी." मी त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. माफ केलं की नाही, ते मी घरी गेल्यावर ठरवणार होते.

बऱ्याच वेळाने मला हाक ऐकू आली. मी वळून बघितलं. पत्र्याची सावली सरकली होती आणि ऊन बरोबर बाबूजींच्या डोक्यावर आलं होतं. ढीग सोडून त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी पेपर डोक्यावर धरला होता. मला त्यांची दया आली, खरंच आली. ते ऊन माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

"डिंपल!" ते ओरडले. "अगं, अजून किती वेळ?"

खांबावरची बादली परत काठोकाठ भरत आली होती. आरती मला तिकडेच ओढत होती.

"पाचच मिनिटं, बाबूजी!" मी ओरडले, आणि तिच्यामागे पळाले.