राणीच्या मागून पाहिलं तेव्हा

मित्रांनो, देवळाली कॅम्पच्या बाजारात भिकनकाकांच्या दुकानात चहाला आलात, तर ग्लास टेकवण्याआधी जरा खाली बघा. ज्याच्यावर तो ठेवणार आहात, तो मी. एक जुना कॅरम बोर्ड.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने घासून घासून मला असं गुळगुळीत केलं होतं की सोंगटी नुसत्या फुंकरीने सरकावी. काकांनी मला दुकानात आणलं तेव्हा माझा थाट काय वर्णावा! सुट्टीवरचे जवान, बाजारातली पोरं, सगळे माझ्याभोवती. पावडर लावून माझे लाड व्हायचे. पुढे हातोहाती मोबाइल आले आणि मला कोणी विचारेना. काही सोंगट्या हरवल्या, अंगावर चहाची वर्तुळं उमटली. मी आपला गप्प पडून होतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मुलींचा फुटबॉल संघ दुकानात आला. बरोबरीत चाललेली मॅच पोरी अगदी शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन हरल्या होत्या. गोलकीपर स्नेहलने मातीने भरलेले हातमोजे काढून माझ्यावर टाकले.

"सर, पुढच्या मॅचला दुसरी कीपर बघा. मी नाही येणार."

माझ्या लाकडी जिवालाही ते ऐकवेना.

प्रशिक्षक रवीसर अजून धुमसत होते. "शेवटी सगळ्यांना मागे खेचलं, गोलसमोर भिंत उभी केली. तरी गोल होतोच कसा?"

"सर, तिथंच चुकलं," कर्णधार पायल म्हणाली. "पुढं कोणी नव्हतंच. बॉल मारला की परत आपल्याच अंगावर."

"पुढं ठेवलं असतं तर आणखी चार खाल्ले असते!"

वाद असा पेटला की गिऱ्हाईकं वळून बघू लागली. शेवटी काकांनी हातमोजे बाजूला सारले आणि सोंगट्यांचा डबा आणून माझ्यावर पालथा केला. "भांडताय काय? मांडून बघा ना!"

पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या त्यांच्या. कमी पडले तिथे शेंगदाणे. लाल राणी म्हणजे स्नेहल, आणि बॉल म्हणून एक फुटाणा. सरांनी उभ्याउभ्याच सगळं मांडलं. "बघा! किल्ला आहे किल्ला!" सगळ्यांच्या नजरा स्नेहलकडे वळल्या.

कॅरम खेळणाऱ्यांना नेम धरताना खाली वाकायची सवय असते. स्नेहलने डोळे पुसले, राणीच्या मागे माझ्या कडेवर हनुवटी टेकवली आणि एक डोळा मिटला.

"सर, इथून फुटाणा दिसतच नाही."

"काहीतरीच काय!"

"तुम्ही या ना इथं."

कुरकुरणारे गुडघे वाकवून सर खाली बसले. समोर नुसत्या पांढऱ्या सोंगट्या!

"अरेच्चा! ही भिंत तर आपण हिच्याच डोळ्यांपुढे बांधली."

त्यांनी दोन पांढऱ्या सोंगट्या पुढे सरकवल्या. त्यांना अडवायला दोन काळ्यांना मागे जावं लागलं. मधे वाट झाली आणि फुटाणा दिसू लागला. मग दोघी पुढे ठेवायच्या की एकच, यावर नवा वाद सुरू झाला. त्या गडबडीत फुटाणा कोणीतरी खाऊन टाकला.

सरांनी हातमोजे उचलले आणि आपल्या रुमालाने पुसले. "चूक माझी होती, बेटा. आता समोरून कोणी हटायचं, ते तू ओरडून सांगायचं."

स्नेहलने मोजे तिथेच चढवले. मग तिला चहाचा ग्लास काही धरता येईना. हसता हसता पायलला ठसका लागला.

पुढच्या रविवारी निकाल मला त्यांच्या आवाजावरूनच कळला. शेवटच्या मिनिटाला बॉल पुन्हा आला होता. या वेळी स्नेहलने तो येताना पाहिला, आणि छातीशी धरला.

आता दर मॅचनंतर माझ्यावर डाव मांडला जातो. काकांनी नवी पावडरही आणली आहे.

मित्रांनो, माझ्यावर गरम ग्लास ठेवू नका, ही विनंती आहेच. दुसरी मात्र त्याहून मोठी. कोणाला दोष देण्याआधी तो जिथे उभा होता, तिथून एकदा वाकून बघा. रवीसरांचे गुडघे अजून कुरकुरतात. तरी दर रविवारी आधी ते राणीच्या मागे येऊन बसतात.